मुलांच्या बगीच्यासाठी राखीव

प्लॉट ४१, कवठी ले-आउट,
नागपूर
४ ऑगस्ट १९७४

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी पाण्यापायी लिहिते आहे. प्रकृती विचारायला नव्हे. तुझी आई दर महिन्याला लिहिते, तिच्याकडून तुझं सगळं कळतं.

आमच्या ले-आउटमध्ये नळ सकाळी पाऊण तास चालतो, आणि त्यातही वरच्या गल्लीतल्या घरांना धार येत नाही. उंच टाकी बांधल्याशिवाय हे मिटणार नाही. टाकीला जागा नाही असं पाणीपुरवठ्याचे साहेब सांगतात. माझ्या फाटकासमोर मात्र एकरभर जागा ओसाड पडली आहे. नकाशात तिच्यावर 'मुलांच्या बगीच्यासाठी राखीव' असं लिहिलेलं आहे आणि ते अक्षर तुझं आहे. तुला पाटीवर मीच गिरवायला शिकवलं, तेव्हा ओळखायला मला चष्मा लागला नाही.

बगीचा कसा आहे ते ऐक. तीन झोपाळे, एक घसरगुंडी, एक सिमेंटचं बाक. इथं राहायला आल्यापासून मी व्हरांड्यातून पाहते आहे. त्या झोपाळ्यांवर टिकून बसलेलं मूल मी पाहिलं नाही. तुमच्या ले-आउटनं जे कवठी गाव पोटात घेतलं, त्या गावची पोरं दिवसभर डांबरी रस्त्यावर विटीदांडू खेळतात, ट्रक आला की पांगतात, पण कुंपणाच्या आत पाऊल टाकत नाहीत. आमच्या नोकरदारांची मुलं पहिला आठवडा जातात, मग तीही जाईनाशी होतात. विचारलं तर म्हणतात, तिथं करमत नाही. सात वर्षांच्या मुलाला करमत नाही म्हणजे काय? वारा पडलेला असला तरी मधला झोपाळा कुरकुरतो. मी माळ्याला उभं करून तेल घालवून घेतलं. तरी कुरकुरतो.

ठेकेदारानं सपाटीकरणाचे पैसे खाल्ले आहेत. दर पावसाळ्यात जमीन जागोजाग बसते. खळगे सुपाएवढे, काही त्याहून थोडे लांब. ओळीत नाहीत, कसेही. त्यांत पाणी साचून डास होतात. मी दोनदा मुरूम टाकवून घेतला. पुढल्या पावसात पुन्हा तिथंच. आणि मंगळवारी सकाळी त्या खळग्यांच्या काठी मातीच्या पणत्यांत दूध ठेवलेलं असतं. इथं लोक दुधासाठी रांग लावतात, आणि हे कुत्र्यामांजरांना.

तुझा रस्ताही तसाच. स्टेशनाकडून सरळ येतो आणि कवठीपाशी कारण नसताना कोपरासारखा वाकतो. हे दिल्लीला जाऊन शिकलास काय?

शहराच्या विकास योजनेची फेरतपासणी चालू आहे, हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. मी प्लॉटधारकांच्या सह्या गोळा करून अर्ज दिला आहे: बगीचा कोणी वापरत नाही, सबब आरक्षण बदलून तिथं टाकी बांधावी. तू पुण्याच्या मोठ्या कचेरीत आहेस. चार ओळी अनुकूल लिही.

आमच्या वामनरावांनी धरमपेठेतला हातचा प्लॉट सोडून हा घेतला तो या मोकळ्या जागेसाठी. मी तेव्हाही म्हटलं होतं की माळरानावर पैसे घालता आहात. जाईपर्यंत दर संध्याकाळी ते ओसाड जागेकडे तोंड करून बसत. त्यांना काय मिळालं देव जाणे. निदान आता लोकांना पाणी मिळू दे.

तुझी,
सुमतीमावशी

०

पुणे
१७ ऑगस्ट १९७४

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कचेरीत आलं. उत्तराला बसलो तर हात आपोआप शुद्धलेखन तपासायला लागला. पस्तिशी उलटली तरी तुझी भीती जात नाही.

पाण्याची अडचण खरी आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा नगररचना म्हणजे कोरा कागद आणि चांगली पट्टी. रस्ता इतका रुंद, शाळा इतक्या अंतरावर, बगीचा इतक्या घरांमागे एक. माणसांनी त्यात येऊन बसायचं. नागपूर एवढं वाढेल हे तेव्हा कोणी धरलं नव्हतं. सावनेरच्या खाणींकडून लोक येतात, रामटेककडचे धानाची कामं संपली की येतात आणि परत जात नाहीत. शहर एकेक गाव गिळत चाललं आहे. आता आम्ही नव्यांना सांगतो की आधी जाऊन बघा, माणसं जागा कशी वापरतात. मग रेघ ओढा. रेघ खोडायला लाज बाळगू नका. हे शिकायला आम्हाला फार वर्षं लागली.

तरी मावशी, टाकी तिथं नको. ती काळी माती आहे, पाया फार खोल न्यावा लागेल, खर्च परवडणार नाही. तू अर्ज मागे घे. टाकीसाठी दुसरी जागा शोधायला मी इथून मदत करतो. बगीचा आहे तसा असू दे. रिकामी जागा ही शहराची चैन नसते, गरज असते.

आणि मुरूम टाकू नकोस. पावसानं होतं ते होऊ दे.

आईचा गुडघा बरा आहे.

तुझा,
श्रीधर

०

नागपूर
२९ ऑगस्ट १९७४

चि. श्रीधर यास आशीर्वाद.

तू मला खोटं लिहिलंस. ओव्हरसियर घरी चहाला आले होते, त्यांना विचारलं. ती काळी माती नाही. वरचा थर काढला की पक्का मुरूम लागतो आणि सगळ्या ले-आउटमध्ये तीच जागा उंच आहे. टाकीला याहून चांगली जागा नाही असं त्यांचं मत. शिवाय त्यांनी मला एक परिपत्रक दाखवलं, पुण्याहून आलेलं: 'वापरात नसलेल्या आरक्षणांचा पुनर्विचार करून ती निकडीच्या गरजेसाठी उपलब्ध करावीत.' खाली तुझी सही आहे. मी त्याच परिपत्रकाचा आधार घेतला. चाचणीचा खड्डा खणायची मंजुरीही आली आहे.

आता दुसरी गोष्ट. कवठीतली पंचफुला गेली आठ वर्षं मला दूध घालते. परवा माप घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी टाकीचा अर्ज केला म्हन्तात."

मी म्हटलं, "केला. तुझ्याही घरी नळाला पाणी येईल."

"आमाले नाही पायजे त्या जागचं पानी."

"का नको?"

"काहून का? घशाखाली उतरन काय ते?"

मी तिला टाकी, पंप, नळ, ब्लीचिंग पावडर सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माप ओट्यावर पालथं घातलं आणि म्हणाली, "उद्यापासून दूध दुसऱ्या कोनापासून घ्या. एवढ्या पोरी शिकवल्या तुमी, येकीनंबी तुमाले काही शिकवलं नाही वं माय."

अडतीस वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी सरळ तिच्या नवऱ्याकडे गेले. नत्थूजी गावचे जुने कोतवाल. बाजेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. त्यांच्याकडून तुझ्या वाकड्या रस्त्याचं कारण कळलं ते तुलाही कळू दे.

म्हणाले, "तुमच्या भाच्यानं झेंड्या गाडल्या ना बाई, तवा रस्ता माया घरातून जाऊन राहिला होता. मंग पांडूच्या, मंग सदूच्या. घर पाडाले सरकारले काय लागते? पन मातामायले हात लावाची कोनाची छाती हाय? म्हनून आमी मायलेच उचललं. सातही दगड, शेंदरासकट. रातोरात आनून माया आंगनापुढं बसवलं. सकायी मोठे साहेब आले, पाह्यलं, टोपी काढली, रस्ता वाकवला." आणि हसले. "माय पह्यले कुठं होती माहीत हाय? तुमच्या समोर. बगीच्यात. निंबाखाली."

पंचफुला आतून म्हणाली, "सांग, सांग. मोठा पराक्रम केला बुढ्यानं. बायायले इचारलं होतं?"

"तुयं घर वाचलं ना?"

"घर वाचलं. बाकीचं?"

बाकीचं म्हणजे काय, हे मी विचारलं तर नत्थूजींनी खर्रा तोंडात टाकला. म्हणाले, ते बायायचं काम हाय.

मी समजले. देवीची जुनी जागा, म्हणून भीती. श्रीधर, देवीचा रोग देशातून जातो आहे. लस टोचणारे घरोघर फिरून गेले. ज्या रोगासाठी ती देवी बसवली तो संपत आला आणि तिच्या रिकाम्या जागेपायी शंभर घरं तहानलेली राहणार. हे मी होऊ देणार नाही. मुरूम टाकू नको, हे तू कशाच्या आधारावर लिहिलंस तेही कळव.

सुमतीमावशी

०

पुणे
५ सप्टेंबर १९७४

मावशी,

घाईत लिहितो. चाचणीचा खड्डा थांबव. सह्या करणारे फेरविचार करत आहेत एवढं तू लिहून दिलंस तरी पुरे. मी इथून कार्यकारी अभियंत्यांना लिहिलं आहे, पण कागद पोचायला वेळ लागेल.

कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही. दिवाळीला मी येतो, समोर बसून सांगतो. तोवर नत्थूजींना काही विचारू नकोस. मी वामनकाकांना शब्द दिलेला आहे.

श्रीधर

०

नागपूर
२२ सप्टेंबर १९७४

चि. श्रीधर यास आशीर्वाद.

नत्थूजींना विचारलं. विचारू नको असं मला लिहिणं म्हणजे विचार असंच लिहिणं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुझं पत्र मला मिळालं त्याच सकाळी मजूर आले. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर चौकोन आखला होता. मी व्हरांड्यात उभी राहून पाहत होते. पहिली कुदळ पडली तेव्हा कवठीतून बाया आल्या. ओरड नाही, रडणं नाही. पंधरा-वीस जणी असतील. चौकोनाभोवती येऊन खाली बसल्या. मजुरांनी कुदळी ठेवल्या. ओव्हरसियरनं माझ्याकडे पाहिलं, कारण अर्ज माझा.

मी रस्ता ओलांडून आत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोर राहत असून मी त्या जागेत कधीच पाय ठेवला नव्हता. मुरूम टाकला तोही कुंपणाबाहेरून बोट दाखवून.

मी त्यांना दरडावून उठवायला गेले होते. पंचफुलानं लुगड्याचा पदर झटकून शेजारी जागा केली. "बसा, बाई."

मी उभीच राहिले. म्हटलं, "यात काय आहे ते मला स्पष्ट सांग."

ती म्हणाली, "माये दोन हायेत. हिचा एक. त्या बुढीचे तीन. माय घरात आली की लेकराले जाळत नाहीत, बाई. मायजवळच ठेवतात. तुमी मुरूम टाकून बुजवता ना ते खळगे, ते आमचे लेकरं हायेत. कच्ची माती, लहानी जागा. बसते."

मी ओव्हरसियरला सांगितलं, आजचं काम बंद. त्यानं विचारलं, उद्या? मी म्हटलं, उद्याचं उद्या. तो गेला. मजूर गेले. नत्थूजी कुंपणाजवळ उभे होते, ते आत आले आणि पंचफुलाला हळूच म्हणाले, "बाईले सांगू नको वं पुढचं." त्यांना वाटलं मला कमी ऐकू येतं.

मी म्हटलं, "नत्थूजी, पुढचं सांगा."

"काय कराचं बाई."

"सांगा."

त्यांनी पागोटं काढून हातात धरलं. म्हणाले, "तुमची बी इथीच हाय."

तुला नलू माहीत असायचं कारण नाही. तू तेव्हा पाळण्यात होतास. तुझ्या आईनं कधी नाव काढलं असेल तर असेल. माझी मुलगी. दोन वर्षांची. आम्ही तेव्हा जुन्या नागपुरात, महाल भागात राहत होतो. देवी आल्या त्या आधी मला, मग तिला. माझ्या तोंडावर आहेत ते वण तेव्हाचे. माणूस आजारी आहे असं कळलं की शहराबाहेर छपरात नेऊन ठेवत, म्हणून लोक लपवून ठेवत. आमच्याही दाराला आतून कडी असे. मी शुद्धीवर आले तेव्हा पाळणा माळ्यावर टाकलेला होता. मी एकदाच विचारलं, कुठे? वामनराव म्हणाले, सगळं नीट झालं. मी पुन्हा विचारलं नाही. जून उजाडला तशी शाळेत रुजू झाले.

नत्थूजी म्हणाले, "सायकलवर आनली होती बाबूनं. म्होरच्या दांडीवर, छातीशी धरून. एका हातानं सायकल. हिरव्या लुगड्यात गुंडाळली होती, जरीचा काठ होता. मी खोदलं. शहरचे लोक बी येत त्या साली, मातामाय कोनाले नाही म्हनत नव्हती. पन बाबू दरसाल येत राहिले. आखाडीले. दूध घेऊन."

माझं हिरवं लुगडं त्या वर्षी धोब्यानं हरवलं होतं. तसं वामनराव मला म्हणाले होते. आम्ही धोबी बदलला.

दर आषाढात आखाडीच्या सणाला ते सायकल काढून दिवसभर बाहेर असत. मला वाटे पत्ते खेळायला जातात. माणसाला एखादं व्यसन असायचंच म्हणून मी सोडून दिलं. एकदा संध्याकाळी आले तेव्हा मी टोमणा मारला, "काय, जिंकलात का आज?" ते पायरीवर बसून पंपशू काढत होते. म्हणाले, "नाही. हरलो."

मी नत्थूजींना विचारलं, यांतली कोणती? ते इकडेतिकडे पाहत राहिले. म्हणाले, मायच्या उजव्या आंगाले, निंबाच्या मुळाजवळ. निंब तुमच्या ठेकेदारानं तोडला. मायचे दगड त्यांनीच उचलले. "मायवरूनच अंदाज होता, बाई. माय हलवली अन् समदंच हललं. आता कोनालेच नाही सांगता येत. हिलेबी नाही." पंचफुलानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्ता चुकवण्याच्या नादात गावच्या पुरुषांनी गावच्या लेकरांचा पत्ता हरवला, आणि हे बायकांनी त्यांना इतकी वर्षं बोलून दाखवलेलं असणार, कारण नत्थूजींचा चेहरा नवा अपराध ऐकणाऱ्याचा नव्हता.

त्या दिवसापासून मी व्हरांड्यात बसत नाही. घरात बसते. तरी तो मधला झोपाळा ऐकू येतो.

आता तू लिही. काय शब्द दिला होतास, आणि तो रस्त्यापलीकडे माझ्या नजरेसमोर का ठेवलास. दिवाळीची वाट मी पाहणार नाही.

सुमती

०

पुणे
१ ऑक्टोबर १९७४

ती. मावशी,

तू नुसतं 'सुमती' लिहिलंस. तसं पत्र मला पहिल्यांदा आलं.

सन एकसष्टच्या उन्हाळ्यात मी मोजणीचं टेबल लावून त्या माळावर उभा होतो. नोकरीत नवा होतो. वामनकाका सायकलवरून आले. मला वाटलं डबा घेऊन आले. त्यांनी विचारलं, "इथं काय येणार रे?" मी मोठ्या ऐटीत नकाशा उलगडला. तिथं दुकानांची रांग होती. तळघरासकट. त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट उचलेनात. मग सांगितलं.

मी म्हटलं, काका, दफनभूमी म्हणून नोंद करतो, कोणी हात लावणार नाही. ते म्हणाले, नोंद झाली की जाहीर होईल, पेपरात येईल, चौकशी होईल, लोक येऊन उकरून बघतील. आणि सुमती पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. "तिला मी सांगितलं नाही. आता सांगायची वेळ गेली. तिनं एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू असं काही लिही की कोणी खोल खणणार नाही."

मावशी, शहरात न खणता राहणारी एकच गोष्ट मला ठाऊक होती. मी दुकानं रस्त्याच्या खाली सरकवली आणि तिथं बगीचा लिहिला. पाहणीच्या रकान्यात 'रिकामी जागा' लिहिलं. नकाशाला रंग असतात: घरांना पिवळा, दुकानांना निळा, मैदानांना हिरवा. लोक जे मुकाट्यानं जपतात त्याला रंग नाही. अजूनही नाही. मी इथं तरुण पोरांना सांगतो की आधी माणसांना विचारा, तेव्हा मला तो माळ दिसतो. मी तेव्हा कवठीच्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. काकांनी सांगितलं म्हणून एकटी नलू कळली. बाकीची लेकरं मला तुझ्या पत्रातून कळली.

बगीचा म्हटल्यावर काकांना बरं वाटलं होतं. म्हणाले, "वरती पोरं खेळतील तर चांगलंच." मग त्यांनी समोरचा कोपऱ्याचा प्लॉट मागितला. ते कशासाठी ते तुला आता मी सांगायला नको.

आता कामाचं. तुझा अर्ज मागे घेऊन भागणार नाही. टाकीची गरज मान्य झाली आहे. माझंच परिपत्रक आहे, त्याप्रमाणे आरक्षण वाचवायचं तर दोन गोष्टी लागतात: जागा वापरात आहे हे सुनावणीत सांगावं लागतं, आणि टाकीसाठी तेवढ्याच उंचीची, रस्त्याला लागून असलेली पर्यायी जागा दाखवावी लागते. मी जुन्या नकाशावरच्या उंचीच्या रेषा काल दिवसभर पाहत होतो. तशी जागा ले-आउटमध्ये एकच आहे. ती कोणती हे मला तुला लिहवत नाही.

श्रीधर

०

नागपूर
२६ जानेवारी १९७५

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

तू न लिहिलेलं मला कळलं. उंचीची रेषा रस्ता ओलांडून माझ्या मागल्या अंगणात येते, हे पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहिलं की कोणालाही कळेल. दिवाळीत तू आलास तेव्हा त्याबद्दल काही बोलला नाहीस आणि मीही बोलले नाही, ते बरं झालं. बोललो असतो तर तू मला नको म्हणाला असतास आणि मला तुझ्यावर रागवावं लागलं असतं.

सुनावणी गेल्या महिन्यात झाली. सदर भागातल्या कचेरीत, एका अंधाऱ्या खोलीत. अधिकारी तरुण होता, नम्र होता. म्हणाला, "बगीचा वापरात नाही असं तुम्हीच लिहून दिलं आहे, बाई."

मी म्हटलं, "ते चुकलं. वापरात आहे."

"कोण वापरतं?"

"बाया वापरतात. मंगळवारी."

"कशासाठी?"

माझ्यामागे पंचफुला आणि आणखी चार-पाच जणी बसल्या होत्या. येताना टांग्यात त्यांनी मला बजावलं होतं: कागदावर लेकरायचं नाव नको, बाई, साहेब लोक उकरून पाहतीन. वामनरावांनी नेमकं हेच तुला म्हटलं होतं. मी म्हटलं, "बसायला."

त्यानं माझ्यामागे बसलेल्या बायांकडे पाहिलं. मग लिहून घेतलं, 'स्त्रियांची बैठकीची जागा, नियमित वापरात.' पुढं काही विचारलं नाही. तुझी नवी पोरं अगदीच वाईट शिकलेली नाहीत.

बाहेर आल्यावर नत्थूजींना हुरूप आला. म्हणाले, "अजून पक्कं पायजे असन तं माय उचलून आनू काय परत तिच्या जागी? येक रात लागते."

पंचफुला म्हणाली, "आन ना. मंग रस्ता घरातून सरळ काढतीन साहेब. मायले फिरवू फिरवू थकवलं ह्या बुढ्यानं, तिचे पाय दुखत असतीन आता." आणि आम्ही सगळ्याच हसलो. सदरच्या भर रस्त्यात. मीसुद्धा.

ती दूध घालायला पुन्हा येते.

मी व्हरांड्यात बसायला लागले आहे. मधला झोपाळा आता नाही, तरी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास तो जिथं होता तिथून आवाज येतो. तुला खोटं वाटेल. मला तेलाचा उपाय सुचत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. वामनराव रोज तोच ऐकत बसत असावेत. तेव्हा मी आतून ओरडत असे, दिवा लावा, डास आत येतात.

एक गोष्ट तुझ्या कचेरीला सांग. जिथं गाव पोटात घ्याल तिथं नकाशा घेऊन पुरुषांकडे गेलात, तर ते तुम्हाला रस्ता कुठून वाकवायचा ते दाखवतील. बायांकडेही जात जा. आणि त्यांनी सांगितलं ते सगळं लिहूनच घेतलं पाहिजे असं नाही.

टाकीचं काम परवा सुरू झालं. काय काय दिलं त्याची नोंद मी ठेवली आहे, तुला प्रत पाठवते.

प्लॉट ४१ ची मागली निम्मी बाजू, मोबदल्याशिवाय. सोबत तारेचं कुंपण, वामनरावांनी लावलेली दोन लिंबं आणि एक सीताफळ. लिंबाला फुलं आहेत, महिनाभर थांबा म्हटलं, थांबत नाहीत. ताबा घेतला: पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर. सही आहे.

तीन झोपाळे व घसरगुंडी, कवठीच्या प्राथमिक शाळेस. घेतलं: मुख्याध्यापक. सही आहे. पोरं पहिल्याच दिवशी रांग मोडून भांडली.

पालथं ठेवलेलं दुधाचं माप, माझ्या ओट्यावर राहिलेलं, पंचफुलाबाईस परत. अंगठा आहे.

समोरच्या जागेत, मंगळवारी, पावशेर दूध. जागा अंदाजानं. घेणाऱ्याची सही नाही.

सुमतीमावशी